ठाण्यातलं व्हिक्टोरियाकालीन घर: त्याचं वय आणि त्याचे मालक कसे शोधावेत

खारकर आळी, चरई, महागिरी, उथळसर, चेंदणी, टेंभी नाका. जुन्या ठाण्याच्या या भागात टॉवरच्या आडोशाला अजून एखादं कौलारू दुमजली घर उभं दिसतं. घडीव दगडाचं जोतं, सागवानी खांब, वरच्या मजल्याला लाकडी कठडा. घरच्यांना वय विचारलं की 'दीडशे वर्षं' हे उत्तर ठरलेलं असतं. कोणी बांधलं, तर 'पणजोबांनी'. पुरावा म्हणून कौलावरचा शिक्का दाखवला जातो. तपासल्याशिवाय यातलं काहीही लिहून ठेवू नये. घराचा इतिहास लिहायचा तर कागद आणि बांधकाम समोरासमोर ठेवावं लागतं, कारण दोन्ही एकेकटे फसवतात. आणि हे काम दुरुस्तीच्या आधी करायचं असतं. दुरुस्तीला हात घातला की पहिल्या आठवड्यातच निम्मा पुरावा डेब्रिजच्या गाडीतून निघून जातो.

आधी कौलाचा शिक्का. बासेल मिशनच्या मंगलोरी कौलावर १८६५ हे साल असतं आणि ते वाचून घराला १८६५ चं ठरवलं जातं. ते साल मंगळूरच्या कारखान्याच्या स्थापनेचं आहे, कौल भाजल्याचं नव्हे. पुढे कित्येक वर्षं निघालेल्या कौलांवर तोच आकडा आहे. पहिल्या महायुद्धात जर्मन-स्विस मिशनची मालमत्ता सरकारजमा झाली आणि कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. त्यामुळे 'कॉमनवेल्थ' असा शिक्का असलेलं कौल १९१९ च्या नंतरचं, एवढं नक्की सांगता येतं. तेही कौलाबद्दल, घराबद्दल नाही. मंगलोरी कौलं येण्याआधी इथे नळीची कौलं होती आणि कित्येक जुन्या घरांवर ती उतरवूनच मंगलोरी चढली. माळ्यावर जाऊन वासे बघा. नळीच्या कौलांना रिपा, म्हणजे कौलं टेकवायच्या आडव्या पट्ट्या, जवळजवळ लागतात, मंगलोरीला साधारण साडेबारा इंचांवर. एकाच वाशावर दोन वेगळ्या अंतरांच्या खिळ्यांची भोकं सापडली, तर छप्पर बदललेलं आहे आणि घर त्या कौलांपेक्षा जुनं आहे.

बाकीच्या खुणाही अशाच, 'याच्या आधीचं नाही' एवढंच सांगणाऱ्या. लोखंडी तुळईवर 'टाटा' कोरलेलं असेल तर ती १९१२ च्या आधीची असूच शकत नाही, कारण साकचीच्या (आजच्या जमशेदपूरच्या) कारखान्यातून पोलाद निघालं तेच १९१२ ला. डॉर्मन लाँगसारख्या विलायती कंपनीचं नाव असेल तर तुळई त्याआधीची असू शकते, पण असेलच असं नाही, विलायती माल पुढेही येत होता. नक्षीची सिमेंटची फरशी आणि तिच्या मागे 'भारत' असं नाव असेल तर ती १९२२ नंतरची, कंपनीच त्या सालची. हिंदुस्थानात सिमेंटचं नियमित उत्पादन १९१४ ला पोरबंदरला सुरू झालं. त्याआधीचं सिमेंट बाहेरून यायचं आणि महाग पडायचं, म्हणून ठाण्यातल्या साध्या गृहस्थाच्या घरात मूळ भिंतीचा दर्जा, म्हणजे दगड-विटांच्या सांध्यात भरलेला मसाला, चुन्याचाच असायला हवा. खिळ्याने दर्जा ओरखडून बघा. चुना पांढरट भुकटी होऊन पडतो आणि त्यात न विझलेल्या चुन्याच्या बारीक गाठी दिसतात. सिमेंट राखाडी असतं आणि ओरखडा नीट उमटतही नाही. लाकडाची खालची, न रंगवलेली बाजू बघितली तर हातकरवतीच्या रेघा थोड्या तिरक्या आणि कमीजास्त अंतरावर असतात. गोल करवतीच्या रेघा धनुष्यासारख्या वळलेल्या. एकाच खोलीत दोन्ही सापडल्या तर तिथे कोणीतरी नंतर भर घातली आहे.

या सगळ्यांहून जास्त कामाची खूण म्हणजे खण. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण, आणि जुन्या खरेदीखतात घराचं वर्णन चौरस फुटांत नसून खणांत असतं: 'घर खण पाच, पुढे पडवी, मागे परस, आड एक'. आता हेच घरात जाऊन मोजा. समजा खतात पाच खण आहेत आणि आज आठ भरतात. मग वरच्या तुळया एकेक करून बघायच्या. कुठल्या तरी एका ठिकाणी तुळईची जाडी बदलते, खांबाखालचा तळखडा वेगळ्या दगडाचा निघतो, जोत्याच्या घडीव दगडांची रांग तुटते आणि पुढे साधं खडकाचं बांधकाम लागतं. वाढीव तीन खण तिथून सुरू होतात. पुढच्या एखाद्या खतात किंवा गहाणखतात 'घर खण आठ' असं आलं, की वाढीव बांधकाम त्या दोन कागदांच्या मधल्या काळातलं ठरतं आणि त्या काळात घर कोणाच्या ताब्यात होतं हे कागदच सांगतो. मालक आणि भिंत एकमेकांना जोडण्याचा याहून खात्रीचा मार्ग आम्हाला माहीत नाही. म्हणून प्रत्येक तुळईला खडूने क्रमांक देऊन तिची रुंदी, उंची आणि दोन तुळयांमधलं अंतर एका कागदावर उतरवून घ्यावं. फोटो काढावेतच, पण फोटोत माप कळत नाही, शेजारी फूटपट्टी धरावी.

कागदांची सुरुवात मिळकत पत्रिकेपासून करतात, आणि पुष्कळ जण तिथेच थांबतात. मिळकत पत्रिका म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. डिजिटल स्वाक्षरीची प्रत महाभूमीच्या संकेतस्थळावर मिळते, ती बँकेला चालते, पण इतिहासाला पुरत नाही. नगर भूमापन कार्यालयातून जुन्या हस्तलिखित पत्रिकेची नक्कल मागा. तिच्यात हक्काचा मूळ धारक, सत्ता प्रकार, पट्टेदार, भार (मिळकतीवरचा बोजा) आणि मग तारीखवार व्यवहार असतात, कमी झालेली नावं कंसात टाकलेली असतात. इथे नेहमी होणारी चूक अशी की 'मूळ धारक' वाचून त्यालाच घर बांधणारा समजतात. तो फक्त भूमापनाच्या चौकशीच्या दिवशी ताब्यात असलेला धारक. घर त्याच्याआधी दोन पिढ्यांनी बांधलेलं असू शकतं. त्या चौकशीत त्याने काय सांगितलं आणि कुठले कागद दाखवले, हे चौकशी नोंदवहीत असतं. तिच्या उताऱ्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो. अर्जात सिटी सर्व्हे नंबर आणि मूळ धारकाचं नाव दोन्ही लिहा, नुसत्या नंबरावर शोध लांबतो. उताऱ्यात 'वडिलोपार्जित' एवढाच शेरा असेल तरी निराश होऊ नये, कारण बऱ्याचदा त्यालाच जोडून एखाद्या जुन्या खताची तारीख दिलेली असते आणि पुढचा शोध तिच्यावर चालतो. सर्व्हे लागू होताना दिलेली सनदही घरातल्या पत्र्याच्या पेटीत असू शकते.

पुढचा मुक्काम दुय्यम निबंधकाचं, म्हणजे दस्त नोंदणीचं कार्यालय. ऑनलाइन शोध ठाण्यासाठी साधारण २००२ पासूनच्या दस्तांचाच होतो. त्यामागचं सगळं वह्यांमध्ये आहे. वकील शोध अहवाल देतात तो बहुधा ३० वर्षांचा. घराच्या इतिहासाला तो अपुरा. सगळे सूची क्रमांक २ बद्दल बोलतात. ती मिळकतीवरून लावलेली सूची. सूची क्रमांक १ व्यक्तींच्या नावांवरून असते, आणि जुन्या काळासाठी तीच उपयोगी, कारण तेव्हा सिटी सर्व्हे नंबर नव्हतेच. नाव शोधताना आडनावावर विसंबू नका. एकाच माणसाची नोंद एका ठिकाणी आडनावाने, दुसरीकडे 'अमुक बिन तमुक' अशी असते. बाईचं नाव 'कोम' किंवा 'भ्रतार' लावून नवऱ्याच्या नावासकट येतं. नावापुढे 'ए. कु. मॅ.' असेल तर तो माणूस एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून नोंदला गेला आहे, एकटा मालक म्हणून नाही. 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता. ही अक्षरं वगळून वंशावळ लिहिली की चुलत्यांची अख्खी शाखा गळून पडते.

एक तारीख पाठ ठेवण्यासारखी आहे: १ जानेवारी १८९३. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा, पण मुंबई इलाख्यात तो या दिवशी लागू झाला. त्यानंतर शंभर रुपयांवरच्या घराची विक्री नोंदणीकृत खताशिवाय होत नव्हती. त्याआधी तोंडी व्यवहार आणि ताबा एवढ्यावरही विक्री चालत असे. त्यामुळे १८७० च्या सुमाराचं खरेदीखत सापडलं नाही म्हणजे कागद हरवला असं धरून चालू नये, तो झालाच नसेल. त्या काळासाठी मग गहाणखतं, कोर्टाचे हुकूमनामे आणि नगरपालिकेच्या घरपट्टीच्या नोंदी बघाव्या लागतात. ठाण्याची नगरपालिका १८६३ ची, महानगरपालिका १९८२ ची. घरपट्टीची नोंद मालकी सिद्ध करत नाही, पण अमुक साली घर उभं होतं आणि पट्टी कोण भरत होतं हे सांगते. पट्टी एकदम वाढलेली दिसली तर त्या वर्षाच्या आसपास मजला चढला असण्याची शक्यता मोठी. खण मोजून काढलेल्या निष्कर्षाशी ती ताडून बघावी.

गहाणखत आणि खरेदीखत यांची गल्लत फार होते. कब्जेगहाणात घराचा ताबा सावकाराकडे जातो, तोच भाडं घेतो, कधी पट्टीही तोच भरतो. पंधरा-वीस वर्षं त्याचं नाव दिसतं आणि मग मूळ घराणं परत येतं. कागद सलग न वाचणारा लिहितो की घर विकलं आणि पुन्हा विकत घेतलं. मुदत खरेदीत तर शीर्षकच 'खरेदी' असतं, रक्कम परत करण्याची अट आत कुठेतरी असते. म्हणून खत शेवटच्या ओळीपर्यंत वाचावं, आणि मुद्रांकाची मागची बाजूही बघावी. मुद्रांक कोणी, कधी आणि कोणासाठी विकत घेतला हे तिथे विक्रेत्याच्या हातचं असतं.

विधवांनी केलेली खतं सगळ्यात काळजीपूर्वक वाचावीत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधी नवऱ्याकडून आलेल्या घरावर विधवेचा हक्क मर्यादित होता. कायदेशीर गरज दाखवल्याशिवाय तिला ते विकता येत नव्हतं. त्यामुळे खतात ती गरज तपशिलाने मांडलेली असते. नवऱ्याचं कर्ज किती, कोणाचं, मुलीचं लग्न, घराची पडझड, सरकारदेणं. कुटुंबाची एवढी माहिती दुसऱ्या कुठल्याही कागदात एका जागी मिळत नाही. खरेदीदाराला पुढे नवऱ्याच्या वारसांकडून दाव्याची भीती असायची, म्हणून साक्षीदार म्हणूनही दीर-पुतण्यांच्या सह्या घेतलेल्या असतात. त्या सह्यांवरून वंशावळीतल्या रिकाम्या जागा भरतात.

आपल्या घराचं खत मिळत नसेल तर शेजाऱ्याचं शोधा. प्रत्येक खतात चतुःसीमा असते: पूर्वेस सरकारी रस्ता, दक्षिणेस अमक्याचं घर, पश्चिमेस तमक्याची वाडी. शेजाऱ्याच्या १८८५ च्या खतात 'उत्तरेस' म्हणून जे नाव आलं आहे, तो त्या वर्षीचा तुमच्या घराचा धारक. चारही बाजूंच्या घरांची खतं काढली तर मधल्या घराच्या मालकांची साखळी बरीचशी जुळते. फक्त एक लक्षात असू द्या, चतुःसीमा मागच्या खतावरून उतरवून घेण्याची पद्धत होती. शेजारी मरून दहा वर्षं झाली तरी त्याचं नाव चालू राहतं. दोन खतांचा आधार मिळाल्याशिवाय साल पक्कं करू नये.

१९०० च्या आधीचे मराठी कागद बहुतेक मोडीत आहेत. घरात कोणाला वाचता येत नसेल तर पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग आणि परीक्षा घेतं, तिथून तयार झालेले वाचक मिळतात. कागद लॅमिनेट करू नका. उष्णतेने शाई उडते आणि प्लास्टिक पुन्हा निघत नाही. आम्लमुक्त कागदात सपाट ठेवा. तारखेचं गणितही नीट करावं. शकात ७८ मिळवले की इसवी सन, पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९. शके १८०१ चा माघ म्हणजे १८८० ची सुरुवात, १८७९ नव्हे. आपल्याकडच्या फसली सनात, म्हणजे जुन्या महसुली वर्षगणनेत, ५९० मिळवायचे, वर्ष मृगाला बदलतं, म्हणून जानेवारी ते मे ५९१. जमिनीचं माप साखळी आणि आण्यांत असेल तर एक साखळी ३३ फूट, सोळा आण्यांची. साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट.

घर कोणी बांधलं असेल याचा अंदाज बांधताना गावाची घडण डोळ्यांपुढे हवी. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली. जिल्ह्याचं ठाणं असल्यामुळे वकील, कारकून, शिरस्तेदार इथेच राहत. टेंभी नाक्याचं सिनेगॉग १८७९ चं, बेने इस्राएलांची, म्हणजे इथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंची वस्ती त्याच्या आसपास होती. १९४८ नंतर त्यातली अनेक कुटुंबं इस्राएलला गेली, त्या काळातल्या विक्रीखताला कुलमुखत्यारपत्र जोडलेलं असेल तर तेही मिळवा, मालक कुठे होता ते त्यात असतं. १८९३ ला स्थापन झालेलं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आणि १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियरचे खंड परिसर समजायला उत्तम आहेत. पण एखाद्या गृहस्थाचं घर गॅझेटियरमध्ये सापडण्याची आशा धरू नये.

भाडेकरू हाही मालकीच्या इतिहासाचाच भाग आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं. घरं पाडली गेली नाहीत त्याला आणि त्यांची डागडुजी थांबली त्यालाही हे मोठं कारण आहे. भाडेपावत्यांवर मालकाची सही, महिना, खोली असते. जुन्या भाडेकरूकडे त्यांचा गठ्ठा सापडतोच.

एवढं नोंदवून झालं की मग दुरुस्ती. इथे एकाच गोष्टीवर आमचा आग्रह आहे: चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नका. चुन्याची भिंत जमिनीतून ओल घेते आणि पृष्ठभागातून बाहेर टाकते. सिमेंटने ती वाट बंद झाली की ओल वर चढते, आणि खाडीकाठच्या ठाण्यात तिच्याबरोबर क्षार चढतात. दोन-तीन पावसाळ्यांत सिमेंटच्या वरच्या कडेला लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, फुटतो. त्याहून वाईट आत घडतं. तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे ओल साचते आणि लाकूड टोकाकडून कुजतं, बाहेरून रंग शाबूत. पेचकस घेऊन भिंतीलगत तुळईच्या खालच्या अंगाला टोचून बघा. चांगल्या सागात टोक जेमतेम रुततं. अर्धा इंच सहज गेलं तर आतलं लाकूड गेलेलं आहे. अख्खी तुळई बदलायची गरज बहुतेक वेळा नसते. खाली टेकू देऊन कुजलेलं टोक कापायचं, जुन्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडून दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या बोल्टने आवळायच्या, टोक घडीव दगडावर टेकवायचं आणि तिन्ही बाजूंना बोटभर जागा हवेसाठी मोकळी सोडायची. किती भार आहे हे बघून पट्टीची जाडी संरचना अभियंत्याकडूनच ठरवून घ्यावी. तुकड्यावर साल कोरून ठेवावं.

गिलाव्यासाठी कळीचा चुना पाण्यात सोडून विझवा, चुन्यावर पाणी ओतू नका, उसळून अंगावर येतं. डोळ्यांना चष्मा हवाच. गाळून किमान दोन-तीन आठवडे पाण्याखाली मुरू द्या. कमी मुरवला तर गिलाव्यात राहिलेल्या गाठी नंतर विझतात आणि पापुद्रे उडतात. एक भाग चुना, दोन भाग रेती, त्यातली निम्मी रेती काढून सुरखी (विटांची भुकटी) घातली तर ओलीला चांगलं. खाडीची रेती असेल तर गोड्या पाण्याने अनेकदा धुवा, नाहीतर लोणा आपणच भिंतीत भरतो. एक थर अर्ध्या इंचाहून जाड नको, आणि आठ-दहा दिवस ओलं गोणपाट. हे काम दिवाळीनंतर काढावं, पावसाळ्याच्या तोंडावर चुना धरत नाही.

छपराची शाकारणी मात्र अक्षयतृतीयेनंतर लगेच. शंभर चौरस फुटांना साधारण १४० ते १५० मंगलोरी कौलं लागतात. बदलायला कौलं घेण्याआधी जुनं कौल बरोबर न्या. वेगवेगळ्या कारखान्यांच्या खाचा जुळत नाहीत, आणि न जुळलेल्या खाचेतून आलेलं पाणी थेट वाशावर उतरतं. उतरवलेली शिक्क्याची कौलं भंगारात देऊ नका. प्रत्येक प्रकारचं एक तरी, छपराच्या कुठल्या बाजूला होतं ते मागे लिहून, माळ्यावर ठेवा. खणांचा नकाशा, खतांच्या नकला, मोडीचं लिप्यंतर आणि दरवर्षीच्या शाकारणीची वही एकाच फाइलीत लावा, आणि तिची एक प्रत घराबाहेर, दुसऱ्या नातेवाइकाकडे द्या.